आपण अल्मोड्याला जातो तेव्हा

आमच्या घरमालकांनी मला विचारलेला पहिला प्रश्न असा होता: "सूनबाई, लाकडी घोडा पाणी पितो का?"

लग्न होऊन मी नुकतीच डोंबिवलीला आले होते. वैशाखाचं ऊन. कळशी भरून विहिरीवरून येत होते, तर हे गृहस्थ अंगणाच्या मधोमध उभे. अंगात लोकरीचं बिनबाह्यांचं जाकीट, डोक्याला माकडटोपी, आणि टोपीतून दिसणारा तेवढा चेहरा घामाने निथळत असलेला. मी आपलं सरळ म्हटलं, "नाही पीत." एवढं बोलले मात्र, वरच्या गॅलरीत सासूबाईंनी कपाळाला हात लावला.

मालकांना उत्तर द्यायचं नसतं, हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. 'असेल' म्हणायचं आणि जिना चढायचा. उत्तर दिलं की गोष्ट सुरू झालीच. माझी कळशी कमरेवरच राहिली आणि मालक मला घेऊन थेट हिमालयात पोचले.

"एक राजा होता. त्याला सात राण्या, पण मूल एकीलाही नाही. मग आठवी केली, तिला दिवस गेले. ती बाळंत व्हायच्या वेळी सवतींनी तिचे डोळे बांधले, बाळ पेटीत घालून नदीत सोडलं आणि हिच्या कुशीत ठेवला पाटा-वरवंटा. म्हणाल्या, हे झालं बघ तुला. पेटी सापडली एका कोळ्याला. पोरगा त्याच्याकडे वाढला. एक दिवस लाकडी घोडा घेऊन पाणवठ्यावर आला, तर तिथे ह्या साती जणी. म्हणाला, सरका जरा, माझ्या घोड्याला पाणी प्यायचंय. राण्या हसायला लागल्या. अरे खुळ्या, लाकडी घोडा कधी पाणी पितो का? तर पोरगा काय म्हणाला असेल, सूनबाई?"

"काय?"

"म्हणाला, ज्या राज्यात बाईला वरवंटा होतो, त्या राज्यात लाकडी घोडा पाणी पितो."

हा पोरगा म्हणजे गोलूदेव. कुमाऊँतला न्यायाचा देव. अल्मोड्याजवळ त्याचं देऊळ आहे. ज्याच्यावर अन्याय झाला तो तिथे जाऊन गाऱ्हाणं घालतो, आणि न्याय मिळाला की देवळात घंटा बांधतो. देऊळभर घंटा लटकलेल्या असतात म्हणे. मी ऐकत राहिले. तेवढ्यात वरून सासूबाईंचा आवाज आला, "प्यायला का घोडा पाणी? प्यायला असेल तर उरलेलं वर आणा. चूल खोळंबलीये."

आमच्या घराला तळमजला आणि वरचा मजला, एवढंच. पण मालकांच्या हिशेबी तळमजला म्हणजे भाबर, पहाडाच्या पायथ्याचा उष्ण प्रदेश, आणि आम्ही वरचे ते पहाडी. जिन्याला ते चढण म्हणत. माझ्या सासूबाई वाणसामान घेऊन आल्या की जिन्याच्या तोंडाशी उभे राहून बजावत, "वहिनी, दमानं. वर हवा विरळ असते." आणि स्वतः मात्र भाबरात राहून लोकर घालत. कारण विचारलं तर म्हणत, सवय मोडली की पुन्हा लावायला जड जातं.

डोंबिवली तेव्हा भातखाचरांची. ताडाच्या झाडाहून उंच असं काही नजरेच्या टप्प्यात नसायचं. लांबवर मलंगगड दिसे. कुणी कौतुकाने त्याच्याकडे बोट दाखवलं तर मालकांना ते सहन होत नसे. "तो डोंगर नव्हे," ते म्हणत. "जमिनीला आलेलं आवाळू आहे ते."

त्यांची आणखी एक खोड होती, ती म्हणजे ओरडण्याची. पहाडात म्हणे समोरच्या डोंगरावरचा माणूस स्वच्छ दिसतो, पण त्याला गाठायचं तर दिवस जातो. म्हणून तिथे माणसं दरीपलीकडे हाका मारून बोलतात. त्या हाकेची एक तऱ्हा असते. आधी तोंडाभोवती हात धरून लांबलचक "ओऽऽऽ" काढायचा, तो विरू द्यायचा, आणि मग निरोप सांगायचा. मालक अंगणाच्या ह्या टोकाला आणि खालच्या बिऱ्हाडातल्या काकू त्या टोकाला, मध्ये एक तुळशीवृंदावन, तरी मालक "ओऽऽऽ" काढत. मग थांबत. मग म्हणत, "ओऽऽऽ काकूऽऽ, दूध उतू जातंयऽऽ." तो विरून निरोप येईपर्यंत दूध गेलेलं असे.

मला ते फार आवडायचे, अगदी साफ सांगते. माझं माहेर लांब कोकणात, आईवडील गेलेले, नवरा सकाळी डबा घेऊन मुंबईला गेला की दिवेलागणीला परत. सासूबाई वाईट नव्हत्या, पण त्यांना बोलण्याची नासाडी चालत नसे. दुपारी मी अंगणात गहू वाळत घालायची, मालक तुळशीच्या कट्ट्यावर बसायचे, आणि गोष्टी चालायच्या. चंद राजांनी राजधानी अल्मोड्याला कशी आणली, नेपाळच्या गुरख्यांनी ती कशी घेतली, देवदाराच्या कुठल्या बनात कुणी मोठ्याने बोललं तर धुकं उतरतं, चैत्रात मुली पहाटे उठून गावभर प्रत्येक उंबऱ्यावर फुलं कशी ठेवतात.

ही फुलांची चाल त्यांनी आमच्याकडे सुरू करून पाहिली होती, माझ्या लग्नाआधी. घरात मुली नव्हत्या, म्हणून मालक स्वतः पहाटे उठले आणि चारही बिऱ्हाडांच्या उंबऱ्यांवर तगरीची फुलं, त्यावर तांदळाचे दाणे, असं ठेवून आले. खालच्या काकूंनी दार उघडलं, उंबऱ्यावर फुलं नि तांदूळ पाहिले आणि पुन्हा लावून घेतलं. कुणीतरी करणी केलीये म्हणून त्या दिवशी खालची बिऱ्हाडं मागच्या दाराने ये-जा करत होती. वरच्यांना मागचं दार नव्हतंच, त्यांचे पुरुष खिडकीखाली शिडी लावून कामाला गेले. मालक दिवसभर अंगणात उभे राहून समजावत होते, पण करणी करणारा असंच बोलणार, असं सगळ्यांचं मत पडलं.

गोलूदेवाच्या न्यायाचं मात्र घरात बऱ्यापैकी रुजलं होतं. मालकांनी विहिरीजवळच्या पेरूला पितळी घंटा टांगली होती. कुणाची तक्रार असेल त्याने ती वाजवायची, मालकांनी कट्ट्यावर बसून न्याय द्यायचा. तक्रारी कसल्या, तर वाळत घालायच्या दोरीच्या, नाहीतर शेजारच्या मांजराच्या. कुणी न पटणारी सबब सांगितली की मालक डोळे मिटून विचारत, "लाकडी घोडा पाणी पितो का?" हे झालं की समजायचं, आपण हरलो. पुढे पुढे घरातली सगळी माणसं एकमेकांना हेच विचारायला लागली. हे ऑफिसातून उशिरा आले आणि गाडी उशिरा होती म्हणाले की मीही विचारत असे.

मालक आयुष्यभर मुंबईला नकाशे काढायच्या एका कचेरीत होते. कुमाऊँच्या नकाशांवर डोंगरांच्या रेघा तपकिरी शाईने गिरवायच्या, हे त्यांचं काम. लग्न केलं नव्हतं. सपाटीवरची मुलगी पहाडात टिकायची नाही, असं कारण सांगत.

त्यांचं मर्म ओळखलं ते सासूबाईंनी. एक दिवस पोळ्या लाटता लाटता त्या म्हणाल्या, "ह्या माणसाच्या बोलण्यात 'मी' नाही, लक्षात आलंय का तुझ्या?"

"म्हणजे?"

"म्हणजे सगळं 'आपण'. आपण अल्मोड्याला जातो तेव्हा उजव्या हाताला देऊळ लागतं. आपण सकाळी उठतो तेव्हा समोर बर्फाचे डोंगर दिसतात. कोण आपण? मी तर गेले नाही. तू गेलीस?"

दुसऱ्या दिवशी दुपारी मी कान देऊन ऐकलं. खरंच होतं. मालक झऱ्यावर पाणी प्यायले, जत्रेत हरवले, घसरून पडलेसुद्धा, पण सगळं 'आपण'. 'मी' एकदाही नाही.

ह्यातून काही भांडण निघालं नसतं. निघालं ते माझ्या पहिल्या संक्रांतीला.

सासूबाईंना सून आल्यापासून एकच हौस होती, हलव्याच्या दागिन्यांची. काटेरी हलवा त्यांनी घरी केला, शेगडीपुढे बसून, थेंब थेंब पाक घालत. कितीतरी दिवस त्यांची बोटं भाजलेली होती. मग त्या हलव्याचा मुकुट, बांगड्या, बाजूबंद, हार, सगळं ओवलं. संक्रांतीच्या सकाळी मला काळी चंद्रकळा नेसवली, दागिने घातले आणि अंगणात पाटावर बसवलं. कल्याणहून फोटोग्राफर बोलावला होता. त्याने तिकाटणं उभं केलं आणि काळ्या कापडात डोकं घातलं.

त्याच सकाळी मालकांचीही संक्रांत होती. कुमाऊँत त्या सणाला कणकेचे नि गुळाचे पक्षी, ढोल, तलवारी असं काय काय तळतात आणि त्यांच्या माळा करून पोरांच्या गळ्यात घालतात. मग पोरं अंगणात जाऊन कावळ्यांना बोलावतात आणि माळेतलं एकेक खायला घालतात. सण कावळ्यांचा. मालकांनी आदल्या दिवशी तळण काढलं होतं. माळ स्वतःच्याच गळ्यात घातली, माकडटोपी नीट केली आणि अंगणात येऊन तोंडाभोवती हात धरले.

"ओऽऽऽ कावळेबुवाऽऽ, याऽऽ. गोड खाऽऽ, सोनं द्याऽऽ."

कावळ्यांना काय, ते आले. आधी पेरूवर एक, मग कौलांवर रांग. मालकांनी एक ढोल भिरकावला. एकाने तो हवेतच झेलला, आणि मग डोंबिवलीत होते नव्हते ते सगळे आले. त्यातल्या एका शहाण्याच्या लक्षात आलं, की ह्या म्हाताऱ्याच्या गळ्यात तेलकट काहीतरी आहे, पण तिकडे पाटावर एक बाई नखशिखांत साखरेची बसली आहे.

तो माझ्या डोक्यावर बसला.

मी किंचाळले. कापडातून फोटोग्राफर म्हणाला, "हलू नका." मी म्हटलं, "अहो, कावळा." तो म्हणाला, "बोलू पण नका." आणि त्याने फोटो काढला. तो फोटो अजून माझ्याकडे आहे. मुकुटाच्या जागी काळं पसरट काहीतरी दिसतं, आणि खाली माझं तोंड उघडं आहे. मागे मालक दोन्ही हात वर करून आनंदाने नाचताहेत. कावळ्याने सूनबाईंचा हलवा स्वीकारला, ह्या घराचं सोनं होणार, असं ते ओरडत होते.

सासूबाई पाटी उगारून कावळ्यांवर धावल्या. तोवर मुकुट गेला होता आणि एक बाजूबंदही. पण खरं संकट पुढेच होतं. आवाज ऐकून पलीकडच्या घरातली एक बाई कुंपणाशी आली आणि म्हणाली, "काय झालं हो?" खालच्या काकू बिचाऱ्या घाबरलेल्या. त्या म्हणाल्या, "सुनेला कावळा शिवला."

आता बायकांच्या भाषेत कावळा शिवला म्हणजे काय, हे मी सांगायला नको. त्या काळी महिन्याचे ते दिवस आले की बाई बाजूला बसे, आणि कुणी विचारलं तर कावळा शिवला एवढंच सांगत. संध्याकाळी माझं पहिलं हळदीकुंकू. आळीभर बातमी गेली. बायका आल्या त्या दारातच थबकल्या. "अगबाई, आजच?" एकीने हळहळून विचारलं. सासूबाई समजावायला लागल्या, "तसा नव्हे हो, खराखुरा कावळा." दुसरी म्हणाली, "असू दे हो, त्यात काय लपवायचंय?" माझ्या हातचं वाण कुणी घेईना. सासूबाई प्रत्येकीला पेरूवरचा कावळा दाखवत होत्या. तो मुकुटाचा उरलेला हलवा खात होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी विहिरीवरची घंटा वाजली. सासूबाईंनी ती आजवर कधी वाजवली नव्हती. सगळी बिऱ्हाडं बाहेर आली. मालक जाकिटाची बटणं लावत कट्ट्यावर येऊन बसले.

"वहिनी, तक्रार कुणाविरुद्ध?"

"तुमच्या."

मालकांनी इकडे तिकडे पाहिलं. न्याय द्यायला दुसरं कुणी नव्हतं. "बोला," ते म्हणाले.

"तुम्ही अल्मोड्याला गेला होतात का?"

"वहिनी, आपण अल्मोड्याला जातो तेव्हा..."

"आपण नको. तुम्ही. एकदा 'मी' म्हणून सांगा."

मालकांनी टोपी काढली. त्यांचं डोकं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं, पांढरं आणि अगदी थोड्या केसांचं. टोपीची त्यांनी मांडीवर घडी घातली. मग म्हणाले, "आमच्या कचेरीचा चौकीदार तिकडचा होता. डब्याच्या सुट्टीत सांगायचा. मी रेघा काढायचो, तो रेघांवर गावं वसवायचा."

"म्हणजे नाही गेलात."

"जाईन," मालक म्हणाले.

"मग जाऊन या. तोवर अल्मोड्याचं नाव काढायचं नाही. आणि जाऊन आलात की खुशाल बोला, मी स्वतः ऐकायला बसेन. आहे कबूल?"

मालकांनी स्वतःच्याच विरुद्ध निकाल दिला आणि घरात गेले.

पुढचे महिने कसे गेले, विचारू नका. मालक शब्दाला पक्के. अंगणातून जायचे, माझ्या गव्हांकडे बघायचे, तोंड उघडायचे आणि मिटायचे. एकदा दूध उतू जाताना त्यांनी "ओऽऽऽ" काढला आणि मधेच गिळला. जिना नुसता जिना झाला. उन्हाळ्यात म्हणाले, आत्ता तिकडे वणवे लागतात, दिवाळीनंतर बघू. पावसाळ्यात म्हणाले, दरडी कोसळतात. मला तोवर दिवस गेले होते. मळमळत असताना एखादी गोष्ट ऐकायला मिळाली असती तर बरं वाटलं असतं, पण सासूबाईंपुढे बोलायची माझी छाती नव्हती. दिवाळी झाली आणि मालकांच्या सबबी संपल्या.

आम्ही सगळे त्यांना पोचवायला कल्याणला गेलो. लांबच्या गाड्या तिथे थांबत. मालकांनी होल्डॉल घेतला होता आणि जुना चौकीदार आता गावी परतला होता, त्याला द्यायला चिवडा. खिडकीशी बसले. बाकीचे सामान लावायला आत गेले, तेव्हा त्यांनी मला जवळ बोलावलं.

"सूनबाई," ते म्हणाले, "तिथलं तसं नसलं तर?"

मी म्हटलं, "असेल." आणि मग लक्षात आलं, की हे ते 'असेल' झालं, जिना चढून जायचं. मालक हसले. गाडी हलली.

पंधरवडा गेला असेल नसेल. माझे दिवस भरत आले होते. सासूबाई ठाकुर्लीला त्यांच्या एका मैत्रिणीकडे बाळंतिणीसाठी साजूक तूप मागायला गेल्या होत्या. परत आल्या त्या अशा हसऱ्या चेहऱ्याने, की मला वाटलं काहीतरी अशुभ झालं.

"हिमालय ठाकुर्लीला आलाय," त्या म्हणाल्या.

मैत्रिणीकडे चहा पीत बसल्या असताना समोरच्या चाळीतून आवाज आला. आधी लांबलचक "ओऽऽऽ", तो विरला, आणि मग, "ओऽऽऽ वैनीऽऽ, आंघोळीला पाणी तापलं काऽऽ?" खिडकीतून डोकावल्या तर मालक, माकडटोपीसह, कुणा मावसभावाच्या गॅलरीत. गाडी इगतपुरीपर्यंत गेली असेल, तिथे इंजिन बदलायला थांबली असेल, आणि समोर घाटाचे डोंगर बघून यांचा धीर सुटला असेल, असा सासूबाईंचा कयास होता. मालक सपाटीच्या गाडीने मागे फिरले होते, आणि घरी तोंड कसं दाखवायचं म्हणून आमच्या अलीकडच्या स्टेशनावर दडून बसले होते.

"मी आत्ता कुणाला काही बोलणार नाही," सासूबाई म्हणाल्या. "येऊ दे. बारशाला सगळी आळी जमेल, तेव्हा विचारते."

मला मुलगा झाला. माझ्या माहेरी भावजय स्वतःच बाळंतीण होती, म्हणून सगळं सासरीच केलं. बारशाच्या आदल्या दिवशी मालक परत आले. होल्डॉल, गळ्यात मफलर, आणि हातात मिठाईचा पुडा. अल्मोड्याची प्रसिद्ध मिठाई, खव्याची, तपकिरी, वर साखरेचे पांढरे मणी लावलेली. सासूबाईंनी एक तुकडा तोंडात टाकला आणि सावकाश चावला. मीही खाल्ली. कल्याणचा कंदी पेढा होता आणि त्याला संक्रांतीचा हलवा चिकटवला होता. सासूबाईंनी पुडा पुन्हा बांधून फळीवर ठेवला. मला मात्र रडू यायला लागलं. बाळंतिणीला काय, कशानेही येतं, म्हणून कुणी लक्ष दिलं नाही. उद्या ह्या माणसाची सगळ्यांसमोर शोभा होणार आणि त्याच्या गोष्टी कायमच्या संपणार, हे मला दिसत होतं, आणि मी बाजेवर पडून होते.

बारशाला बायकांनी खोली भरून गेली. पुरुष गॅलरीत. मालक उंबऱ्यावर, म्हणजे ना आत ना बाहेर, घराचे मालक म्हणून त्यांना तेवढी सूट होती. पाळणा फुलांनी सजवला होता. बाळाला पाळण्यात घालायच्या आधी वरवंट्याला घालायची आपली रीत. सासूबाईंनी वरवंटा धुऊन पुसून त्याला कुंची घातली, काजळाचं बोट लावलं, दुपट्यात गुंडाळला आणि पाळण्याखालून पलीकडच्या बाईकडे दिला. "कुणी गोविंद घ्या," इकडून. "कुणी गोपाळ घ्या," तिकडून. वरवंटा पाळण्याखालून गेला, वरून आला, पुन्हा खालून गेला. शेवटी सासूबाईंच्या हातात आला. त्यांनी तो छातीशी धरला आणि उंबऱ्याकडे वळल्या.

"मालक, अल्मोड्याला जाऊन आलात ना?"

बायकांना कळलं, आता काहीतरी आहे. मालक उठून उभे राहिले. सासूबाईंच्या चेहऱ्याकडे एकदा पाहिलं, आणि त्यांना समजलं, की हिला ठाऊक आहे. टोपीच्या आत त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. माझ्या मांडीवर बाळ चुळबुळत होतं आणि मी त्याला इतकं घट्ट धरलं होतं की ते रडायला लागलं.

"बोला ना," सासूबाई म्हणाल्या. "'मी' म्हणून सांगायचं ठरलंय."

मालकांची नजर माझ्याकडे वळली, मग पाळण्याकडे, मग सासूबाईंच्या हातातल्या दुपट्याकडे. त्यांनी घसा साफ केला.

"वहिनी, तुमच्या हातात कोण आहे?"

"कोण म्हणजे?"

"हातात कोण आहे, सांगा."

सासूबाईंनी खाली पाहिलं. कुंची, काजळ, दुपटं. समोर सगळी आळी बसलेली, पाळणा मोकळा. वरवंटा म्हणावं तर अपशकुन, आणि नातवाच्या बारशाला अपशकुनाचा शब्द त्या मेल्या तरी काढणार नव्हत्या.

"गोविंद," त्या म्हणाल्या.

"तर मग," मालक म्हणाले, "मीही जाऊन आलो."

क्षणभर कुणाला काही कळलं नाही. मग खालच्या काकू फसकन हसल्या, आणि त्यांच्या पाठोपाठ सगळ्या. घरातल्या प्रत्येकीला तो लाकडी घोडा पाठ होता. मी हसत होते आणि माझं पोर रडत होतं. सासूबाई मात्र तशाच उभ्या, वरवंटा छातीशी धरून. त्यांचे ओठ हलले, आधी डावीकडून, मग उजवीकडून, आणि मग त्या इतक्या हसल्या, की वरवंटा पायावर पडेल म्हणून कुणीतरी धरायला धावलं. लग्न होऊन आल्यापासून मी त्यांना अशा हसताना पाहिलं नव्हतं.

डोळे पुसत त्या उंबऱ्यापर्यंत गेल्या आणि वरवंटा मालकांच्या हातात दिला.

"घ्या गोपाळ," म्हणाल्या. "नीट धरा. आणि बसा असे आत."

मालक आत येऊन सतरंजीवर बसले. वरवंटा मांडीवर घेतला, कुंची सरळ केली. सासूबाई त्यांच्यासमोर बसल्या, कबूल केल्याप्रमाणे.

"हं. मग बर्फ कसा होता?"

मालकांनी टोपी काढून बाजूला ठेवली.

"बर्फ म्हणजे वहिनी," ते म्हणाले, "आपण सकाळी दार उघडतो..."

"मग?" सासूबाई पुढे सरकल्या.

"दार उघडतच नाही. रात्रभर पडून पडून दाराला टेकलेला असतो. मग आपण काय करतो, खिडकीतून बाहेर पडतो..."

"शिडी लावून?" खालच्या काकूंनी विचारलं.

"शिडी लावून," मालक म्हणाले.

पाळणा रिकामाच झुलत होता. ज्याचं नाव ठेवायचं ते माझ्या मांडीवर टाहो फोडत होतं, आणि नाव काय ठेवायचं हे सासूबाईंनी कुणालाच सांगितलं नव्हतं. मी दोनदा हाक मारून पाहिली. पण त्या सगळ्या जणी तिकडे दाराशी साचलेला बर्फ उपसत होत्या, आणि तो वितळेपर्यंत कुणीही उठलं नाही.